तुझ्या पट्ट्याचे वॉशर

प्रिय ठोंब्या,

सगळ्यात आधी सरांची बहीण आली. सर खाली स्कूटर लावत होते, तेवढाही धीर तिला नव्हता. आत आली ती थेट आजोबांच्या बंदूक-दुरुस्तीच्या टेबलापाशी, तिथली स्प्रिंग उचलली आणि हात ग्रीसने काळेकुट्ट करून घेतले. मी म्हटलं, बाई, कपडे नवे दिसतात, सांभाळा. तर म्हणते, आजी, आता आम्हाला या ग्रीसची सवयच करायला हवी. मला इतकं हसू आलं. गुडघे तिचेही गेलेत, माझ्याहून कितीतरी लहान आणि जिना चढताना माझ्याहून जास्त कण्हते. पण मोकळी आहे. आपली पोर, तू टाकलेली तुझी बायको, चहा घेऊन आली तेव्हा तिला जवळ बसवून घेतलं आणि कप रिकामा झाला तरी तिचा हात काही सोडला नाही.

कोण सर, विचारशील. नेमबाजी शिकवतात ते, उंच, कानाजवळ पिकलेले. वडिलांची छऱ्याची बंदूक घेऊन तुझ्याच दुकानात आले होते की. तिचा जोर गेला होता, छर्रा पुठ्ठ्यावर आपटून खाली पडायचा. तू ती हातात घेऊनही बघितली नाहीस. म्हणालास, भंगारात घाला आणि नवी घ्या. आजोबांनाही हेच ऐकवायचास, एक जुनी उघडून, धुऊन, पुन्हा लावेपर्यंत चार नव्या विकून होतात म्हणून. मी वेडी, मला वाटायचं बंदुकांबद्दल बोलतोस. बायकोबद्दल बोलतोस हे आजोबांना आधी कळलं, ते तिच्याकडे बघून मान खाली घालायचे. तर सर तुझ्याकडून जे भडकून निघाले, ते विचारत विचारत आपल्या दारात. आणि आता पोरीला मागणी घालायला आले. म्हणजे स्थळ तूच पाठवलंस, बाळा. आयुष्यात एवढं एक काम नीट केलंस.

सर पहिल्यांदा आले तेव्हा पोरीने ती बंदूक उघडली. तू घट्ट दाबून न धरता स्प्रिंग काढायला गेलास आणि पुढचा दात घालवून बसलास, तशी नाही. आवळून धरून, हळूहळू सैल करत. स्प्रिंग चांगली निघाली. आतला चामड्याचा वॉशर वाळून खपलीसारखा झाला होता, हवा तिथून निसटत होती. तिने नवा कापला, रात्रभर तेलात ठेवला, बसवला. सरांनी अंगणात पहिला बार काढला आणि पुठ्ठ्याच्या भोकात बोट घालून उभेच राहिले. हल्ली शिकवण्यासाठी नव्या बंदुका घेतात, त्याही आधी हिच्याकडे आणतात. आतून कुणी हातच फिरवलेला नसतो म्हणे, स्प्रिंगची टोकं बोचरी, लोखंडाचा कीस तसाच. ती घासूनपुसून देते. नव्या वाईट नसतात, आजी, असं वर मलाच सांगते. ती कुणालाच वाईट म्हणत नाही. त्यासाठी मी आहे.

चामडं कुठलं, ते सांगायचं राहिलंच. तुझा रुंद पट्टा. जाडी अगदी हवी तेवढी. तो संपला तेव्हा तुझी चामड्याची बॅग मीच माळ्यावरून काढून दिली. मग बुटांच्या जिभा कापून बघितल्या, पण त्या लेच्यापेच्या निघाल्या, आता तुझ्याच त्या. सरांच्या बंदुकीत तू बक्कलाजवळचा आहेस. बाकीचा लोकांच्या घरोघरी वाटला गेलास, प्रत्येक बाराला दणका खात. माझ्या वस्तू जपून ठेवल्यास का असं पत्रात विचारलंस, म्हणून कळवलं.

तुझं पत्र मिळालं ते असं. दुकान बुडालं, काउंटरवरची ती, जिच्यापायी घर सोडलंस, तुला टाकून गेली, आणि आता तुला आजोबांच्या टेबलावर बसून हेच काम शिकायचंय, नि आपली पोर पुन्हा तुझ्याबरोबर राहील का, असं विचारतोस. तुझं बारीक अक्षर मला लागत नाही, पत्रं तीच वाचून दाखवते. हेही तिनेच वाचलं. विजेचं बिल वाचावं तसं, सगळं, खालच्या माफीसकट. तिचं नाव आलं तिथे थांबलीही नाही. घडी घालून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, आजी, पाहुण्यांना खुर्च्या पुरतील ना? म्हणून हे लिहायला बसले. येऊ का विचारतोस, तर नको. काडीमोड घ्यायची घाई तुलाच होती आणि टेबल आजोबा जाताना तिला देऊन गेलेत. रडत बसू नकोस, मी फार आनंदात आहे. न विचारता आलासच तर दार तीच उघडेल, आणि कुणी गिऱ्हाईक समजून विचारेल, काय बिघडलंय. सर आणि त्यांची बहीण तारीख धरायला येत्या रविवारी पुन्हा येतो म्हणालेत.

तुझीच, दुसरा इलाज नाही म्हणून,
आजी