टेकू कुठे ठेवायचा

पनवेल
४ सप्टेंबर २००६

ती. अय्यूबभाईस,

मुबीनाचा सलाम वि. वि. इकडे सगळे खुशाल. अम्मीचे गुडघे कुरकुरतात, आवाज मात्र अजून खणखणीत.

एक गोष्ट सांगते, हसू नकोस. मी बाहेरून दहावीचा फॉर्म भरलाय. पंधरा वर्षांपूर्वी विज्ञानात सहा मार्कांनी गेले आणि लगेच लग्न ठरलं. आता माझी आसिया आठवीत आहे. परवा तिने अभ्यासातलं काही विचारलं, तर मी तिला खेळायला पिटाळलं. मग दुपारभर स्वतःचाच राग येत राहिला. शाहीद विचारतात, लाद्यांच्या दुकानदारणीला भौतिकशास्त्र कशाला? चिडवतात, पण अडवत नाहीत.

पाया पक्का करायला आधी आसियाचंच पुस्तक घेतलंय आणि तरफेपाशी अडलेय. टेकू, भार, बल, व्याख्या सगळ्या पाठ आहेत. डोक्यात काही शिरत नाही. तू सहा वर्षं दुबईच्या बंदरात क्रेन चालवतोस. एवढाले कंटेनरचे डबे उचलताना क्रेन पालथी का होत नाही, ते मला कळेल असं लिही.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी,
मुबीना


दुबई
२८ सप्टेंबर २००६

चि. मुबीनास,

भाईच्या अनेक दुआ वि. वि. हसलो नाही. पत्र दोनदा वाचलं आणि जेवायच्या सुट्टीत सगळ्यांना ऐकवलं.

आता ऐक. नेऱ्याला खालाच्या, अम्मीच्या बहिणीच्या, वाडीत आपण दगडावर फळी टाकून झुलायचो. तू काडी, मी गोणी. तू टोकाला बसायचीस, मी दगडाजवळ सरकायचो, तेव्हा कुठे फळी सरळ राहायची. वजन आणि दगडापासूनचं अंतर, यांचा गुणाकार दोन्हीकडे सारखा झाला की तोल. क्रेनच्या मागे लोखंडी ठोकळे बांधतात, ते म्हणजे मी: जड, पण जवळ बसलेला. पुढचा डबा म्हणजे तू. लांब गेलीस की हलकी असूनही भारी पडतेस! म्हणून क्रेनचा हात जितका लांब करावा, तितकं वजन कमी उचलायचं.

उत्तर पाठ करू नकोस. दुकानातली पहार घे, खाली वीट ठेव आणि लाद्यांची पेटी उचलून बघ. वीट पुढे-मागे सरकव. हाताला जे कळेल तेच पेपरात लिही.

शाहीद दुल्हेभाईंना सलाम. आठवण ठेवतेस, तशीच ठेव.

तुझा,
अय्यूबभाई


पनवेल
१२ जानेवारी २००७

ती. अय्यूबभाईस,

सलाम वि. वि. आज लिहिताना हात थांबत नाहीये.

काल दुपारी दुकानासमोर लाद्यांनी भरलेल्या हातगाडीचा आस मोडला. गाडी कलली आणि आमच्या हमालाचा, बुधाजीचा पाय खाली सापडला. चार माणसं ओढत होती, गाडी तसूभर हलेना. तो ओरडत होता. मी गल्ल्यामागे पुस्तक घेऊन बसले होते. पहार उचलून धावले, गाडीच्या कडेला अगदी खेटून वीट ठेवली आणि शाहीदना ओरडून म्हटलं की पहारीचं पार टोक धरा, मध्ये धरू नका. एकट्या शाहीदच्या जोराने गाडी चार बोटं उठली आणि पाय बाहेर आला! अंगठ्याचं हाड मोडलंय, पाय वाचला.

बुधाजी प्लास्टर घालून घ्यायच्या आधी सगळ्यांना सांगत होता की वयनीला लय अक्कल हाय, आमी नुसते जोर लावत होतो. मी म्हटलं, माझी नाही, माझ्या भाईची अक्कल, तो मोठा क्रेन ऑपरेटर आहे. शाहीदनी आज स्वतः माझ्या अभ्यासासाठी टेबल मांडलंय. बुधाजीने तुला रामराम सांगितलाय.

अशीच नजर असू दे आमच्यावर.

तुझी,
मुबीना


दुबई
३ फेब्रुवारी २००७

चि. मुबीनास,

अनेक दुआ वि. वि. तुझं पत्र वाचून आनंद झाला आणि मान खाली गेली.

मी ऑपरेटर नाही, मुबीना. सहा वर्षं खाली उभा राहून डब्यांना साखळ्या लावतो. पहिल्या वर्षी अम्मीला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिलं, मग ते मागे घेणं जमलं नाही. तुला लिहिलेलं सगळं मी काशिरामला विचारून लिहिलं. तो खरा ऑपरेटर, अलिबागकडचा. माझे प्रश्न ऐकून तोच म्हणाला की एवढं समजतंय तर ऑपरेटरच्या परीक्षेला का बसत नाहीस? नाव दिलंय. मार्चमध्ये परीक्षा आहे, तुझ्याच महिन्यात. क्रेनची भीती नाही, लेखी पेपरची आहे. आसियाच्या पुस्तकातली गणितं सोडवून पाठवशील का?

रागावली असलीस तर तसं लिही, पण लिही.

तुझा,
अय्यूब


पनवेल
२९ जून २००७

ती. अय्यूबभाईस,

सलाम वि. वि. गणितं पाठवताना लिहिलं नाही, पण रागावले होते, पूर्ण दोन दिवस. तिसऱ्या दिवशी गणितं सोडवायला बसले. तुझ्यासाठी प्रत्येक पायरी लिहिता लिहिता माझाच अभ्यास झाला.

काल निकाल लागला. विज्ञानात एकसष्ट! आसियाने शेजारच्या जिन्यात उभं राहून ओरडून सांगितलं. आणि संध्याकाळी तुझा फोन आला. तू पास झालास, वर कॅबिनमध्ये एकटा बसलास, पहिला डबा जहाजावर अलगद टेकवलास. मला नाचावंसं वाटत होतं, पण अम्मी शेजारीच बसलेली. तिने विचारलं, अय्यूब काय म्हणतो? मी म्हटलं, क्रेन चालवतोय. ती म्हणाली, मग त्यात नवीन काय? रोजच तर चालवतो.

मी मान हलवली. अम्मीने तांदळाच्या रव्याची गोड सांदणं केली आणि आळीभर वाटली, माझ्या पास होण्याची म्हणून. मी सगळ्यांच्या ताटात दोन-दोन वाढली, भाई. दुसरं कुणाचं, ते कुणाला सांगितलं नाही.

आहेस तसाच आमचा राहा.

तुझी,
मुबीना