बंगल्याच्या बाथरूमचं दार

१९ एप्रिल १९९८, रविवार

बंगला दारात उभा केला. बंगला म्हणजे सर्व्हे पार्टीची जुनी चाकावरची खोली. लिलावात भंगारवाल्याच्या तोंडातून ओढून आणली. जीपच्या मागे जोडायची आणि निघायचं. आत पलंग, गॅसचा ओटा, कोपऱ्यात बाथरूम. बाथरूममध्ये कमोड.

सगळा खटाटोप कमोडसाठीच. मालतीच्या आईचे, म्हणजे आमच्या मंडळींचे, गुडघे वाकत नाहीत आणि तिच्या माहेरी, तुकईथडला, अजून सगळं डबा घेऊन शेतात. म्हणून बाई माहेरची नुसती आठवण काढते, जात नाही. १० मेला तिच्या भावाच्या मुलीचं, लीलाचं लग्न आहे. तिला सांगितलं, तू जाशील आणि तुझं कमोड तुझ्या मागे मागे येईल. हसली. अशी हसलेली बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

मोहल्लाही हसला. ते हसणं वेगळं. या लोकांनी चाकावर भाजीच्या हातगाडीशिवाय काही पाहिलेलं नाही.

२२ एप्रिल

निंबोल्यापर्यंत ट्रायल. बंगला लोण्यासारखा चालला. फक्त बाथरूमचं दार. खटका जुना आहे, प्रत्येक गतिरोधकावर सुटतो. दार आतल्या बाजूला उघडतं, कमोडवर आपटतं, परत येतं, पुन्हा आपटतं. निंबोल्यात एक म्हातारा जवळ येऊन विचारून गेला, आत कोणाला कोंडलं आहे का. कमोडच्या झाकणाला तडा. दोष रस्ता बनवणाऱ्याचा.

संध्याकाळी जावई आले. सुधाकरराव शाळेत सायन्स शिकवतात. दार हलवून पाहिलं आणि म्हणाले, मामा, बाहेरून एक साधी कडी मारा, चार स्क्रू, काम खतम. बीएस्सी झालेला माणूस, आणि उपाय काय, तर कडी. कडी कोंबड्यांच्या खुराड्यालाही असते. चहा पाजला.

२४ एप्रिल

माझा उपाय. केळीच्या खोडाच्या सालीची ओली दोरी वळली, दाराची मूठ पलंगाच्या पायाला बांधली. लोखंडासारखी गाठ. जसोंडीकडे निघालो. अर्ध्या वाटेत धाड धाड सुरू. उन्हाने दोरी वाळली आणि सैल पडली. यातून सिद्ध झालं की दोरी ओली होती तोपर्यंत माझा उपाय शंभर टक्के बरोबर होता. ऊन माझ्या हातात नाही.

घरी आल्यावर मालतीची आई म्हणाली, अहो, कडी लावून टाका ना. तिला हे कोण पढवतं ते मला कळतं.

२८ एप्रिल

दाराच्या फटीत वर्तमानपत्राच्या घड्या ठोकल्या. उत्तम बसल्या. दार इतकं घट्ट झालं की मालती आत गेली ती लवकर बाहेर आलीच नाही. सुधाकररावांनी लाथ मारून दार उघडलं. लाथेने आता खटकाही वाकला. जावयाला काही म्हणता येत नाही. इथे लिहून ठेवतो: खटका मी वाकवला नाही.

आजपासून ठरवलं, कोणाचा सल्ला घ्यायचा नाही.

१ मे

चुडामणचा सल्ला घेतला. तो परका नव्हे. आम्ही दोघांनी उभी हयात केळीचे ट्रक भरले. बुऱ्हाणपूरहून दिल्लीपर्यंत माल जायचा आणि एक घड जागचा हलायचा नाही. पाला ठासायचा, घड ठासायचे, हवेलाही जागा ठेवायची नाही. ही विद्या कोणत्या बीएस्सीत शिकवतात?

चुडामणने बाथरूममध्ये डोकं घातलं, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, आत जागा आहे म्हणून दार आत जातं. जागाच नको ना ठेवू."

दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. इतके दिवस सगळे दाराकडे पाहत होते. खोलीकडे कोणी पाहिलंच नाही.

९ मे

लग्नघरी केळी न्यायचीच होती. चुडामणसोबत बाथरूम भरलं. खाली पाला, कमोडवर पाला, मग घड, मग पाला, थेट छतापर्यंत. दार ओढून घेतलं आणि उरलेले घड बाहेरच्या खिडकीतून आत कोंबले. दाराला खांदा मारून पाहिला. भिंत. चुडामणनेही मारला. त्याचा खांदा दुखतो आहे.

मालतीची आई बांगड्या भरायला गेली होती, तिने पाहिलं नाही. आल्यावर पिशवी भरत बसली. नवा टॉवेल, साबण, लाल मग. तो दोनदा धुतला. माहेरी काय काय खायचं ते मला सांगत होती.

मालती आणि सुधाकरराव मित्राची मोटार घेऊन मागून येणार आहेत. सुधाकररावांनी विचारलं, मामा, दाराचं काय केलं? म्हटलं, उद्या कान लावून ऐका.

१० मे, सकाळी

निघालो. प्रत्येक गतिरोधकावर जीप मुद्दाम जोरात घातली. दाराचा जराही आवाज नाही. मालतीची आई म्हणाली, आता बाई बरं झालं, कसं काय जमवलं? मी नुसता हसलो. काही गोष्टी बायकांना सांगून कळत नाहीत.

१० मे, खकनारच्या पुढे, निंबाखाली

दार सकाळपासून एकदाही हललेलं नाही. ही गोष्ट कोणालाही नाकारता येणार नाही.

खकनार सोडल्यावर ती म्हणाली, जरा थांबवा. थांबवली. लाल मग घेऊन मागे गेली. मीही गेलो, दार किती पक्कं आहे ते दाखवायला. तिने मूठ ढकलली. मी म्हटलं, अजून जोर लाव. तिने लावला. मग केळीचा वास आला असावा. खिडकीकडे जाऊन आत पाहिलं.

ओरडली असती तर परवडलं असतं.

"ही खोली माझ्यासाठी होती ना हो?"

म्हटलं, तुझ्यासाठीच, म्हणून तर एवढ्या मेहनतीने भरली. ती रस्त्याच्या कडेला मग धरून उभी राहिली. खाली बसता येत नाही ना तिला.

मी लगेच खिडकीतून घड उपसायला घेतले. घड आत जातात सरळ, बाहेर येताना आडवे होतात. पाला बोटांना लागेना. कोठून तरी बकऱ्या जमल्या. तेवढ्यात मागून मोटार आली. सुधाकररावांनी एक नजर खिडकीकडे टाकली, एक मालतीच्या आईकडे. कडीचं नावही काढलं नाही. आईंना हात देऊन मोटारीत बसवलं आणि मोटार मागे वळवली. मालती सांगून गेली की खकनारच्या विश्रामगृहात कमोड आहे, चौकीदार ओळखीचा आहे, तिथून परस्पर लग्नाला जातो, तुम्ही या सावकाश.

खकनारला कमोड आहे हे मला आधी कोणी सांगितलं नाही. सांगायला काय जात होतं?

११ मे

लग्न चांगलं झालं म्हणतात. मी पोचलो तेव्हा पंगती उठल्या होत्या. मालतीची आई लीलाला मिठी मारून रडली, भावजयीशी पोटभर बोलली. सगळं मला सुधाकररावांनी सांगितलं. केळी वऱ्हाडातल्या पोरांनी खिडकीतून उपसली. अर्धी काळी पडली होती. म्हाताऱ्यांनी चुडामणच्या पद्धतीचं कौतुक केलं. चुडामणच्या.

रात्री ती मालतीसोबत विश्रामगृहात झोपायला गेली. सकाळी निरोप आला, मोटारीत आराम आहे, तशीच घरी जाते.

१२ मे, बुऱ्हाणपूर

जीप एकट्याने आणली. बाथरूम रिकामं, त्यामुळे दार तुकईथडपासून घरापर्यंत आपटत आलं. दोनदा थांबून शेजारच्या सीटला म्हटलं, ऐकतेस ना, रिकामं असलं की असंच होतं. सीटवर तिची साबणाची पिशवी होती.