दात्याची दुसरी मुलाखत

६ फेब्रुवारी

प्रिय पप्पा,

सप्रेम सलाम. आम्ही इकडे सुखरूप आहोत, असं लिहायची रीत आहे. नेमकं लिहायचं तर मी बरी आहे, आणि आई आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या यंत्राला जोडलेली असते. उरलेल्या दिवशी ती शेजारणीच्या पडद्यांना झालर लावते आणि भाजीत मीठ किती घालायचं ते मला शिकवते. तिला स्वतःला मीठ वर्ज्य आहे, त्यामुळे शिकवताना तिचा आवाज जरा चढतो. तुमची तब्येत उत्तम असणार, नाहीतर डॉक्टरांनी तुम्हाला अवयवदानाच्या समितीपर्यंत जाऊच दिलं नसतं.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते.

समितीचं उत्तर तुम्हाला मिळालं असेल. ‘निर्णय राखून ठेवला’ म्हणजे नाकारला असं नाही. आत्या सांगत होती की तुम्ही फार दुखावला आहात, ‘खरं बोललो त्याची शिक्षा मिळाली’ म्हणता आहात. ती शिक्षा नाही. देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं रक्त जुळतं का, हे याच इस्पितळात जी लॅब बघते तिथे मी काम करते, म्हणून समितीची पद्धत मला ठाऊक आहे. देणारा स्वखुशीने देतो आहे ना, एवढंच त्यांना पाहायचं असतं. पैशासाठी नको, धाकाने नको आणि कशाची फेड म्हणूनही नको.

समुपदेशक बाईंनी तुम्हाला विचारलं, “बायकोपासून इतकी वर्षं वेगळे राहता, मग आता तिला किडनी का द्यायची आहे?” तुम्ही म्हणालात, “प्रायश्चित्त म्हणून. मी तिच्यावर पाप लादलं. ते मला माझ्या शरीराने फेडायचं आहे.”

बाईंनी पेन खाली ठेवलं म्हणे.

मंडळीत या वाक्याला लोक आमेन म्हणाले असते. समितीच्या दृष्टीने तो दबाव आहे. अपराधाच्या ओझ्याखाली माणूस काहीही देईल, आणि उद्या ओझं उतरलं नाही तर विचारेल की मग मी दिलं कशाला. प्रश्न त्यांचा रास्त आहे.

दुसरी मुलाखत दोन मार्चला आहे. तिथे काय बोलायचं ते मी सांगणार नाही. एक तर मी इथली कर्मचारी आहे, आणि पढवून पाठवलेलं उत्तर त्या बाईंना दारातच ओळखू येतं.

जुळणीचं मात्र सांगते, कारण ते डॉक्टरांनी तुम्हाला घाईत सांगितलं असेल. आईच्या रक्तातला पातळ भाग आणि तुमच्या पेशी एका जागी ठेवतात आणि वाट बघतात. तिच्या रक्तात तुमच्याविरुद्ध काही असेल तर पेशी मरतात. मुलं झालेल्या बाईच्या बाबतीत ही भीती जास्त असते. पोटातलं मूल अर्धं नवऱ्याचं असतं, आणि तिचं रक्त त्या अर्ध्याला परकं म्हणून लक्षात ठेवू शकतं. आईला दोन मुलं झाली. तरी काही सापडलं नाही. तुमच्या पेशी जिवंत राहिल्या. घरच्या माणसाची नळी माझ्या टेबलावर येत नाही, म्हणून माझ्या सहकारिणीने पाहिलं आणि मला येऊन सांगितलं. मी “बरं” म्हणाले आणि जेवायला गेले.

मुलगी धडधाकट असताना तिने स्वतः का दिली नाही, असं तुम्ही आत्याला विचारलंत. सगळ्यांत आधी माझीच तपासणी झाली. मी बाद ठरले. कारण तांत्रिक आहे.

कळावे,
फूटपट्टी

(सही काय करावी ते कळेना. आई म्हणाली, लहानपणी सगळं मोजत बसायचीस म्हणून त्यांनीच पाडलेलं नाव आहे, तेच लिही.)


१७ फेब्रुवारी

प्रिय पप्पा,

सलाम. तुमचं पत्र पोचलं. आठ पानं, त्यातली सहा क्रूसावर. तुम्ही उपदेश करायचं सोडलंत असं आत्या म्हणते, पण हाताची सवय सुटलेली दिसत नाही.

शेवटच्या पानावर तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. आईने मला क्षमा केली आहे का, आणि तुझं काय. मी दोन्ही घेते, त्याच क्रमाने.

तुमचं पत्र मी आईला ती यंत्रावर असताना वाचून दाखवलं, तिथून तिला उठून जाता येत नाही म्हणून.

“आठ पानं?” ती म्हणाली. “सदऱ्याला एवढं कापड लागत नाही.”

मग ऐकत राहिली. क्रूसाचा भाग आला तेव्हा तिने डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली.

“ह्या माणसाला साधं ‘घे’ म्हणता येत नाही,” ती डोळे न उघडता म्हणाली. “मधे देवाला उभं करावंच लागतं.”

“तू त्यांना माफ केलंस का, असं विचारलंय.”

“केव्हाच.”

“केव्हा म्हणजे?”

“आता हिला तारीख द्या. अगं, कारखान्यात माझं मशीन अडलं होतं. नवा मेकॅनिक आला, त्याला काही सुधरेना. मनात आलं, हे असते तर आत्ता चालू करून दिलं असतं. आणि मग लक्षात आलं, आपल्याला नुसतं मशीन आठवतंय. राग कुठे गेला कोण जाणे.”

“मग त्यांना सांगितलं का नाहीस?”

“त्यांनी विचारलं का? बरं, आता लिहून टाक. किडनी मी घेईन. पण फेड म्हणून आणली तर परत न्या म्हणावं. माफी मी फुकट दिली. आता तिची किंमत घेतली तर मी दुकानदार झाले.”

परिचारिका तिचं ब्लडप्रेशर बघायला आली होती. ती म्हणाली, “मावशी, बोलू नका, वाढतंय.” आई म्हणाली, “माझं नाही, त्यांचं वाढेल, पत्र मिळाल्यावर.”

हे तिचं उत्तर. माझं वेगळं आहे.

तुमच्या सहा पानांतलं मला समजलं ते असं की दोष नसलेल्याने दोषींचं ओझं स्वतःवर घेतलं. मी ते लहानपणापासून तुमच्या तोंडून ऐकत आले आणि मला ते सुंदर वाटत असे. म्हणूनच त्या उपासनेत तुम्ही जे केलंत ते मला आजवर जुळवता आलेलं नाही. माझ्या भावाला, छोट्याला, मातीत ठेवून आठवडासुद्धा झाला नव्हता. तुम्ही व्यासपीठावर उभे राहिलात आणि म्हणालात, “आमच्या घरात प्रभूचा दिवस मोडला गेला, आणि प्रभूने आमच्याकडून किंमत घेतली.” त्याला ताप चढला त्या रविवारी आई गणवेशाच्या कारखान्यात जादा पाळीला होती, हे सगळ्या मंडळीला माहीत होतं. तुम्ही त्याच कारखान्यात मशीनं दुरुस्त करत होता. घरात पैसे पुरत नव्हते म्हणून तिने ती पाळी घेतली, तेही तुम्हाला माहीत होतं. सगळ्या माना आमच्या बाकाकडे वळल्या. आई उठली, माझा हात धरला आणि आम्ही मधल्या वाटेने बाहेर आलो. मी अकरा वर्षांची होते. आम्ही दारात पोचलो तेव्हा तुम्ही पुढच्या गीताचा क्रमांक सांगितलात.

त्याला मेंदूज्वर होता. डॉक्टरांनी जंतूचं नावसुद्धा सांगितलं होतं. ते कारण तुम्हाला पुरलं नाही, तुम्हाला दोष हवा होता. माझ्या कामात या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. रक्त जुळलं नाही तर त्याला कारण असतं, पण कोणाचा दोष नसतो. हे नातेवाइकांना मी पुन्हापुन्हा सांगते आणि ते पुन्हापुन्हा विचारतात. माणसाला ‘असंच झालं’ हे सोसत नाही, हे मला आता कळतं. तुम्हाला तर त्याहून कठीण होतं. दोषी सापडला की देवावर बोट उठत नाही. देवाला वाचवायला तुम्ही आईला पुढे केलंत. त्याला तशी गरज होती असं तुमच्या सहा पानांवरून तरी वाटत नाही.

आणि आता तुम्ही स्वतःला पुढे करता आहात. आपल्या घरात बळी जायला फार गर्दी आहे, पप्पा.

हे पत्र मी इथे संपवणार होते. पण संमती म्हणजे सगळं ठाऊक असताना दिलेली संमती, असं आम्ही रोज लोकांना समजावतो. तुम्हाला अर्धंच सांगून तुमची किडनी घेतली तर ते माझ्या कामात बसत नाही. म्हणून ते तांत्रिक कारण लिहिते.

मला आईचाच आजार आहे. दोन्ही किडन्यांत पाण्याच्या गाठी आहेत, तिच्यात होत्या तशाच. आईबापांपैकी एकाला हा आजार असेल तर मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. मी त्या निम्म्यात आले. आईला देता येईल का हे पाहायला गेले, तेव्हा हे सापडलं. माझ्या किडन्या सध्या व्यवस्थित चालतात. पुष्कळ वर्षं चालतील, कदाचित जन्मभर चालतील. चालल्या नाहीत तर तोपर्यंत तुम्ही इतके म्हातारे झालेले असाल की तुमची किडनी कोणी घेणार नाही. तेव्हा ती माझ्यासाठी राखून ठेवण्यात अर्थ नाही. आईलाही मला हेच पटवावं लागलं. ती काही दिवस माझ्याशी बोलत नव्हती, मग म्हणाली, चालेल.

तुम्हाला सांगितलं नव्हतं, त्याचं कारण मात्र तांत्रिक नाही. मागे आपल्या घरात एक मूल आजारी पडलं तेव्हा तुम्ही दोषी शोधलात. माझ्या बाबतीत तुम्हाला लांब जावं लागणार नाही. मी उपासनेला जात नाही. प्रार्थना करत नाही. रविवारी पाळी आली तर बदलून मागत नाही.

त्यांना सांगू का, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, “सांग. बोलले काही वेडंवाकडं, तर ऊठ आणि चालायला लाग. मी चालले होते. तुलाही पाय आहेत.”

तर आता तुम्हाला सगळं माहीत आहे. देण्यासारखी एक किडनी आहे आणि ती एकीलाच देता येते. ती दिल्याने दुसरीचं काही फिटत नाही, छोट्याचं तर नाहीच. सगळ्यांना पुरेल असं काही तुमच्यापाशी नाही. ज्याच्यापाशी होतं त्याने ते दिलं, असा तुमचा विश्वास आहे. तसं असेल तर तुमच्यावरचं काम बरंच हलकं आहे.

द्यायची नसेल तर दोन तारखेला येऊ नका. समिती कारण विचारत नाही, आणि आईही विचारणार नाही. यंत्र आहेच.

क्षमेबद्दल तुम्ही मला विचारलंत. त्याची चाचणी आमच्याकडे होत नाही. होत असती तर करून घेऊन निकाल कळवला असता.

तुमची मुलगी,
जिला काय झालं आहे ते आता तुम्हाला माहीत आहे


९ मार्च

प्रिय पप्पा,

सलाम. तुम्ही चौथ्या मजल्यावर आहात आणि मी दुसऱ्यावर, तरी पत्रच लिहिते आहे. परिचारिकेच्या हाती पाठवते. संध्याकाळनंतर तुम्हाला काही खायला देणार नाहीत, तेव्हा वाचायला वेळ मिळेल.

समुपदेशक बाईंनी तुमच्या परवानगीने तुमचं उत्तर मला सांगितलं. “तिच्याकडे चालणारी एकही नाही. माझ्याकडे दोन आहेत.” बाई म्हणाल्या, “एवढंच?” तुम्ही म्हणालात, “एवढंच.” मग त्यांनी विचारलं, बदल्यात काही हवं आहे का. तुम्ही बराच वेळ गप्प बसलात आणि म्हणालात, “हवं होतं. आता मागत नाही.” बाई म्हणाल्या की लोक या प्रश्नाला झटकन ‘नाही’ म्हणतात, आणि झटकन म्हटलेल्याची त्यांना धास्ती वाटते.

त्यानंतर तुम्ही आईला भेटायला आलात तेव्हा मी पडद्यापलीकडे होते. ऐकायचं म्हणून नाही, तिच्या गोळ्या मोजत होते. पण ऐकलं.

“आलात? बसा. उपदेश नको.”

“नाही.”

“मग स्टूल पुढे ओढा. घरच्या मशीनचा टाका सुटतोय.”

“सुई बदललीस?”

“सुई बदलायला मेकॅनिक कशाला लागतो? दोनदा बदलली.”

“मग खालच्या दोऱ्याचा ताण असेल. मी बघतो.”

“बघा. आधी हे होऊ दे. वाकायचं नाही म्हणे तुम्हाला बरेच दिवस.”

मी गोळ्या पुन्हा मोजल्या.

तिथून निघताना तुम्ही मला लिफ्टपाशी गाठलंत. मी तयारीत होते. दुसरं पत्र टाकल्यापासून तुम्ही काय काय म्हणू शकाल ते मी मनात मांडून ठेवलं होतं. प्रभूची परीक्षा, प्रभूची योजना, कोणाच्या हातून काय घडलं याचा शोध. प्रत्येकाला माझ्याकडे उत्तर होतं, आणि लिफ्टचं बटण मी दाबलेलं होतं. तुम्ही टोपी हातात घेतलीत आणि विचारलंत, “दुखतं का गं?”

हे मी धरलं नव्हतं. मी “नाही” म्हणाले आणि लिफ्टमध्ये शिरले.

ते उत्तर चुकीचं होतं. उद्या तुम्हाला भूल देतील, त्याआधी दुरुस्त करते. दुखतं. उजव्या बाजूला, कमरेच्या वर, फार वेळ उभी राहिले की. झोपेत त्या कुशीवर वळले तर जाग येते. गाठी मोठ्या होतात तसं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही असं डॉक्टर म्हणतात आणि मीही स्वतःला तेच सांगते. आईला यातलं काही सांगितलेलं नाही, कारण हा आजार तिने मला दिला असं तिला वाटतं. लॅबमध्येही कोणाला नाही. हे कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण आतापर्यंत कोणी विचारलं नव्हतं.

उद्या मी सुट्टी घेतली आहे. आधी तुम्हाला आत नेतील, मग आईला. मी बाहेरच्या बाकावर असेन.

शुद्धीवर आलात की मला तेच पुन्हा विचारा. मी उभी राहणार नाही, स्टूल ओढून बसेन.

तुमची