तीन सह्यांचं वादळ

३ एप्रिल
आजही "हवामान मुख्यतः कोरडे". सलग अकरा दिवस! एवढा अवाढव्य देश, वसंत लागला तरी उत्तरेला अजून बर्फ, दक्षिणेला घामाच्या धारा — आणि सगळ्यांना आमचं एकच वाक्य. शेवटी "हवामानात किंचित बदल संभवतो" हे शेपूट. या "किंचित"वर आमचं अख्खं खातं उभं आहे.

४ एप्रिल
साहेबांचं नवं परिपत्रक. अंदाजात "वादळ" लिहायचं तर यापुढे तीन सह्या. "सोसाट्याचा वारा" — दोन. नुसता "वारा" मात्र आपापल्या जबाबदारीवर लिहायला मोकळे!
गेल्या वर्षी याच दिवसांत एकाने वादळ लिहिलं, ते आलं नाही, मंत्र्यांची सभा उगाच रद्द झाली. तो बिचारा आता तळघरात जुनी दप्तरं लावतो. माझ्या निवृत्तीला चार महिने राहिलेत. मी कशाला हात पोळून घेऊ?

५ एप्रिल
छत्री न नेल्यामुळे भिजलो. ऑफिसात बाकी सगळ्यांनी आणली होती. शिपाई म्हणाला, आपल्या अंदाजावर विश्वास ठेवणारे खात्यात तुम्ही एकटेच.

६ एप्रिल
नकाशे काढणाऱ्या बाईंनी दुपारी बोलावलं. त्या उगाच बोलवत नाहीत. उत्तरेची थंडी खाली सरकतेय, दक्षिणेची दमट हवा वर. परवा दुपारी दोन्ही मधल्या सपाट मुलखावर भिडणार. पेन्सिल खाली ठेवून म्हणाल्या, "छपरं राहणार नाहीत."
मधल्या मुलखात माझी ताई राहते. एकटी. पत्र्याच्या घरात.
लगेच कागद तयार केला. साहेबांनी पहिली सही केली — पेन्सिलने. नाही आलं तर खोडता येईल म्हणे.

७ एप्रिल
दुसरी सही करणारे रजेवर, उद्या येतील. तिसरी करणारे दुसरीशिवाय कागदाकडे बघत नाहीत. मग आजच्या अंदाजात माझ्याच अक्षरात गेलं — किंचित बदल.
ते देऊन तडक ताईला फोन केला. म्हटलं, मिळेल ती बस धर आणि इकडे ये, का ते विचारू नकोस. विचारलंच! सांगितलं. वर बजावलं, कुणापाशी चकार शब्द काढू नकोस, माझी नोकरी जाईल. "बरं बाबा," म्हणाली.
संध्याकाळी पिशवी घेऊन बसमधून उतरली. मला बघून हसली. जिवात जीव आला.

८ एप्रिल
तीन वाजून दहा मिनिटांनी आलं. ताईची अख्खी गल्ली भुईसपाट.
साडेचारला तिसरी सही झाली. आता "वादळ" लिहायला हरकत नाही! साहेबांनी आपली सही शाईने गिरवून घेतली. पुढे चौकशीत बरं दिसतं.
मला स्वतःची लाज वाटतेय. पण ताई वाचली. दुपारपासून हेच घोकतोय.

९ एप्रिल
मेलेल्यांच्या यादीत ताईची शेजारीण आहे. ताई भिंतीला टेकून बसलीय, जेवली नाही. आत्ता सांगितलं. परवा ती बसला निघाली तेव्हा शेजारीण कुंपणापाशी आली होती. म्हणाली, "तुमचा भाऊ हवामान खात्यात ना? उद्या पांघरुणं धुवायला काढू का?"
ताई म्हणाली, "काढा."