श्मिट म्हणजे लोहार

अण्णा, पाया पडतो, पण तुमचं हे ऐकणार नाही. धाकट्या उल्काला कॉलेजात लाज वाटते म्हणून आपण आडनाव बदलायचं?

इथं परदेशात, तुआसच्या कारखान्यात आमचे मोठे साहेब जर्मन आहेत, श्मिट. परवा माझ्या हेल्मेटवरचं 'लोहार' वाचून त्यांनी अर्थ विचारला. ऐकून म्हणाले, श्मिट म्हणजे तेच. त्यांच्याकडे पूर्वी गावात एकाच नावाची माणसं फार झाली, मग धंद्यावरून आडनावं पडली. दळणारा म्युलर, शिंपी श्नायडर. साहेबांच्या घरात आता कुणी घण उचलत नाही, तरी नाव टाकलं नाही.

उल्काला हे वाचायला द्या. तुमचा खोकला कसा आहे? माझा भाजलेला हात सुधारतोय, आईला सांगू नका.

तुमचा,
शैलेंद्र लोहार

ता. क. नाव बदलायच्या वकिलासाठी मागितलेत ते पैसे भात्याच्या नव्या कातड्यासाठी पाठवतोय, बारा हजार रुपये.