हँडलचे चार बोल्ट

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नमस्कार रीत म्हणून घातला आहे, त्यात फार काही शोधू नकोस. फोन केला की तिसऱ्या वाक्याला आपण ओरडायला लागतो आणि माझ्या शेजारणीची फुकट करमणूक होते, म्हणून लिहिते आहे.

गेल्या महिन्यात तू माझ्या मोटरसायकलला नवं हँडल बसवलंस. मी किल्ली तुझ्या गॅरेजच्या काउंटरवर ठेवायची, तू माझ्याकडे न बघता उचलायची, आपलं दोन वर्षं असंच चाललंय. पण या वेळी काम बिघडलं आहे. चाळीसच्या पुढे गेलं की हँडल नुसतं थरथरतं. दिवसाला वीस घरी जाऊन रक्त काढते मी. पाचव्या घरापर्यंत तळहातात मुंग्या, दहाव्यापर्यंत बोटं लाकडाची. शीर डोळ्यांना दिसत नाही दादा, ती बोटांना लागते. काल एका म्हाताऱ्या शिक्षिकेला तीनदा टोचलं. त्यांच्या मुलाने लॅबमध्ये तक्रार केली. आमच्या लॅबच्या मोठ्या बाई म्हणाल्या की आणखी एक तक्रार आली तर बाहेरचं काम बंद, मग बसून बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या.

काय चुकवलंस ते सांग. वहिनीला नमस्कार. तुझा लोभ किती उरलाय माहीत नाही, असेल तेवढा राहू दे.

तुझी
बारकी

९ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद. (मी मोठा आहे, द्यावेच लागतात.)

पंचवीस वर्षं हे काम करतोय. हँडल बसवायला मला शिकवू नकोस. तू गाडी चालवत नाहीस, तिचा गळा दाबतेस. हँडल सैल धरायचं, अंडं धरल्यासारखं. वजन हातांवर टाकायचं नाही, गुडघ्यांनी टाकी धरायची, पाठ सरळ ठेवायची. क्लचचा दांडा थोडा खाली वळवून घे, मनगट मोडलेलं नको, कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत आला पाहिजे.

आणि बाजारातून ते जाडजूड फोमचे ग्रिप आणून चढवलेस ना? मी पाहिले. तुझा पंजा केवढा, ग्रिप केवढा! जाड ग्रिप धरायला जास्त जोर लागतो, मग हात भरून येणारच. मऊ रबराचे बारीक ग्रिप घे. हँडलच्या दोन्ही टोकांना वजनं लाव, थरथर बरीच मरते. टायरात हवा दगडासारखी भरू नकोस. हातमोजे पातळ चामड्याचे घे.

एवढं करून बघ आणि मग माझ्या नावाने खडे फोड. तुझी वहिनी बरी आहे. माझी चौकशी तू केली नाहीस, म्हणून कळवत नाही.

दादा

२० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

वि. वि. आज नाही, कारण विनंती नाही.

तू लिहिलेलं एकूण एक केलं. ग्रिप बदलले, वजनं लावली, मोजे घेतले, अंडं धरल्यासारखं धरलं. चाळीसच्या पुढची थरथर निम्मी झाली हे कबूल करते, मी खोटारडी नाही. पण निम्मी उरली. म्हणून पुलाजवळच्या मेकॅनिककडे गेले. हो, त्याच्याचकडे, ज्याचं नाव काढलं की तुझ्या नाकाला मिरच्या झोंबतात.

त्याने हँडलच्या क्लॅम्पचे चार बोल्ट दाखवले. दोन इतके आवळलेले की खालचं रबर चिरडून गेलेलं. उरलेले दोन त्याने माझ्यासमोर नुसत्या बोटांनी फिरवले. इंजिन चौकटीला धरून ठेवणारा एक फाउंडेशन बोल्टही ढिला निघाला. तो म्हणाला की ताई, आणखी दोन आठवडे गेले असते तर वळणावर हँडल तुमच्या हातात आलं असतं.

तुझा हात असा नाही. डोळे मिटून तू बोल्ट किती आवळलाय ते सांगायचास. म्हणजे हे मुद्दाम झालं. वडील दोघांचे, पण दोन वर्षांपूर्वी आजारी अण्णांना मी माझ्याकडे नेलं, गॅरेज बघायचंय म्हणत होते तरी डॉक्टरांचं ऐकून परत पाठवलं नाही आणि ते माझ्याच घरी वारले, याचा राग तुला आहे. ठाऊक आहे. पण राग होता तर तोंडावर बोलायचंस. बोल्ट ढिले ठेवायचे नाहीत.

या पत्राला लोभाची ओळ नाही.

बारकी

२४ फेब्रुवारी

बारके,

तुझं पत्र वाचलं. मुद्दाम? माझ्या बहिणीच्या गाडीला? हे लिहवलं तरी कसं तुला?

अण्णा रोज फोनवर मला विचारायचे की शटर उघडलंस का. शेवटपर्यंत विचारत होते. तू त्यांना एक दुपार आणलं नाहीस. त्याचा राग आहे, मरेपर्यंत राहील. पण गाडी ही गाडी आहे.

यापुढे किल्ली इथे आणू नकोस. त्या पुलाजवळच्याकडेच जा.

दादा

३ मार्च

चि. बारकीस,
आशीर्वाद.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. वाचून फाड किंवा ठेव, पण मला तोंडघशी पाडू नकोस.

तुझं बोल्टचं पत्र आलं त्या दिवशी यांनी भरदुपारी शटर ओढलं. गॅरेजात तीन गाड्या तयार होत्या. मोजून आवळायचा पाना काढला आणि तिन्हींचे बोल्ट तपासले. एकही धड नव्हता. मग दोन महिन्यांतल्या गिऱ्हाइकांना एकेक फोन लावला, म्हणाले की फुकट तपासणी आहे, गाडी घेऊन या. आता पाना मी धरते, ते बाजूला उभे राहून आकडा वाचतात. गिऱ्हाइकांना सांगतात की बायकोला हौस आली आहे.

बारके, यांच्या हातांना कळत नाही. ग्राइंडर धरून धरून झालंय ते. सकाळी बोटं खडूसारखी पांढरी पडतात. शर्टाची बटणं वर्षभर मी लावते आहे. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतात. मुद्दाम हा शब्द मात्र त्यांना फार लागला.

येऊन जा. आमच्यावरचा जीव काढून घेऊ नकोस.

वहिनी

११ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल मी घरी आले तर तू मधेच उठून गेलास, म्हणून उरलेलं लिहिते.

वहिनीवर ओरडायचं नाही. तिने सांगितलं नसतं तर मी तुला आयुष्यभर बदमाश समजत राहिले असते, आणि तुला तेच सोयीचं वाटत होतं. हाताचं कळण्यापेक्षा बदमाश ठरणं परवडलं! अशा माणसाला काय म्हणायचं ते तूच ठरव. मुद्दाम हा शब्द मी परत घेते. बाकीचा एकही घेत नाही.

माझं म्हणशील तर थरथर गेली. क्लॅम्पला नवी रबरं घातली, चारही बोल्ट सारखे आवळले. त्या शिक्षिकेची शीर परवा पहिल्या फटक्यात मिळाली. अंडं धरल्यासारखं धरण्याचा सल्ला बरोबर होता, हे एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही.

आता तुझं. बोटं ठणठणीत आहेत, घे बघून, म्हणत तूच हात पुढे केलास आणि डोळे मिटलेस. मी सुई घेऊन करंगळीपासून सुरुवात केली. तिसऱ्या बोटावर रक्ताचा थेंब आला, तो मी कापसाने टिपत होते, आणि तू वैतागून म्हणालास की टोचायचं असेल तर टोच एकदा, मला कामं आहेत. वहिनी तोंड फिरवून आत गेली. मग तू डोळे उघडलेस.

ग्राइंडर बंद. आजपासून. मंगळवारी सकाळी नऊची वेळ घेतली आहे, डॉक्टर नसांचे आहेत. मी दवाखान्याच्या दारात उभी असेन. अण्णांवरून भांडायचं तर भांडू, रांगेत वेळ भरपूर मिळतो. आला नाहीस तर गॅरेजात येऊन गिऱ्हाइकांसमोर ओरडेन, आणि माझा आवाज तुला माहीत आहे.

लोभ नंतर बघू. आधी ये.

तुझी
बारकी