बारकीचे राठ केस

आबा, मी सध्या एका कुत्रीच्या कामाला आहे. हसू नका. बंगळूरला एका वयस्कर बाईंच्या बंगल्यात राहतो, मागच्या अंगाला खोली आहे, आणि सकाळपासून दिवे लागेपर्यंत माझं काम म्हणजे ही कुत्री. तीही केवढी, तर आपल्या कोंबड्या झाकायच्या डाल्याखाली मावेल एवढी. केर्न टेरिअर म्हणतात त्या जातीला. तिचं खरं नाव माझ्या जिभेवर बसत नाही, म्हणून मी बारकी म्हणतो. दोन्ही नावांना ती येत नाहीच. कान उभे, पाय आखूड, दात मात्र मोठ्या कुत्र्याचे, आणि अंगावर केरसुणीसारखे राठ केस. मॅडम सांगतात, दगडांच्या कपारीत शिरून आतलं जनावर बाहेर काढायला ही कुत्री पाळायचे. पहिल्याच आठवड्यात बागेत घूस दिसली आणि बारकी शेपटीपर्यंत बिळात. मी मागचे पाय धरून ओढली, तर बाहेर येऊन माझाच अंगठा धरला. ओरडलं की पाठ करून बसते आणि दिवसभर बोलत नाही. फिरायला नेली की रोज नवी गल्ली पाहिजे, कालची चालत नाही. मला वाटलं, चला, आपल्या जातीचं कोणीतरी भेटलं.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल. उन्हाळा तोंडावर आलेला, शेजारच्या खळ्यात तुम्ही म्हैस भादरत होता. धरणगावच्या आसपास म्हैस भादरायची म्हटलं की लोक तुम्हालाच बोलवायचे. मी सोळा वर्षांचा, शाळा सातवीतच सोडलेली. मी दावं धरून उभा आहे, म्हैस भिजवलेली आहे, तुमचं हातमशीन कचकच चाललंय, आणि रस्त्यावरून वरातीचा बँड जातो. मी दावं सोडून बघायला पळतो. मागे म्हैस उसळते आणि मशीनचे दात तुमच्या अंगठ्यात घुसतात. मी परत आलो तेव्हा तुम्ही चिंधी बांधत होता. शिवी नाही, चापट नाही. एवढंच म्हणालात, "मन्हा हात बरा व्हई जाई, पोऱ्या. तुन्हा पायले चक्र शे, त्यानं काय करशी?"

काय करणार. सुरतला साड्यांच्या कारखान्यात होतो, पुण्यात पार्सलं पोहोचवली, हैदराबादला फरश्या बसवल्या, अशी आणखी कितीतरी गावं झाली. चार महिन्यांच्या पुढे कुठे टिकलो नाही. भांडण नाही, तंटा नाही. सकाळी उठलो की छातीत कोणीतरी दार वाजवतंय असं व्हायचं, की पिशवी भरायची आणि निघायचं. पिशवीत दोन पँटी, चार शर्ट आणि तुमचं हातमशीन. तुम्ही गेल्यावर आईनं ते माझ्या हातात दिलं होतं, "आबानी तुन्हासाठे ठेयेल शे" म्हणून. मी एकही म्हैस भादरली नाही, पण ते टाकून कुठे गेलो नाही.

मागच्या वर्षी चैत्रात मॅडम दहा दिवस लेकीकडे गेल्या. बारकी दिवसभर फरशीवर पोट टेकून, जीभ बाहेर. आता जनावराला ऊन लागलं की काय करायचं हे मला कोणी शिकवायला पाहिजे का? मी तुमचं मशीन काढलं, तिला अंगणात भिजवली, गुडघ्यात धरली आणि भादरली. पार कातडीपर्यंत. वर खोबरेल चोळलं, तुम्ही म्हशीला तेल चोळायचा तसं. मला वाटलं, आज आबा असते तर पाठ थोपटली असती. बारकी दोन दिवस खाटेखालून बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी उन्हात गेली आणि पाठ लाल झाली.

मॅडम आल्या, हातातली बॅग तशीच ठेवून खाली फरशीवर बसल्या. "किसने किया?"

"मैंने. गर्मी थी. हमारे यहाँ भैंस को ऐसेच करते हैं."

"भैंस?" त्या म्हणाल्या, आणि आधी हसल्या, मग त्यांचे डोळे भरले. मला वाटलं, आता निघ म्हणतील. मी मनातल्या मनात पिशवी भरून मोकळाही झालो होतो. पण त्यांनी मला समोर बसवलं आणि सांगितलं, की हे केस म्हणजे तिचं छप्पर आहे, ऊन पण तेच अडवतं आणि काटा पण. ते कापत नाहीत, जुने झालेले बोटांनी उपटतात. कापले की मग मऊ, फिकट, लोकरीसारखे येतात आणि तसेच राहतात, हाताने काढत बसावं तेव्हा कुठे राठ केस परततात, वर्ष लागेल, दीड लागेल. त्यांनी आपली बोटं माझ्यापुढे धरली. सांध्यात सुजलेली, वळतच नव्हती. "बिगाड़ा तूने है. ठीक होने तक रुकेगा?"

मी हो म्हटलं. तुम्हालाही असंच हो म्हटलं होतं, आबा. काविळीनं तुम्ही खाटेला लागला होता आणि म्हणालात, "आखाजीलोंग रहाय, मंग जाय." आखाजीला चार दिवस उरले असताना मी सुरतची गाडी धरली. कोणी बोलावलं नव्हतं. बसवत नव्हतं, एवढंच. आईनं नंतर सांगितलं की सणाच्या दिवशी तुम्ही खाट दाराकडे तोंड करून टाकायला लावली. पंधरा दिवसांनी तुम्ही गेलात. पुढच्या आखाजीला घरात पितरांच्या घागरींत तुमच्याही नावाची घागर भरली, तेव्हाही मी नव्हतो. नऊ वर्षं झाली, एकाही घागरीला मी पाणी घातलेलं नाही.

तर आता रोज दुपारी बारकीला पायरीवर घेऊन बसतो. केस चिमटीत धरायचा आणि वाढीच्या दिशेनं हलका झटका द्यायचा. पिकलेला असेल तर येतो, तिला कळतही नाही. कच्चा ओढला की दात दाखवते. आपल्याकडे कापूस वेचताना उमललेलंच बोंड घ्यायचं असतं, तसं. पण मला बसता कुठे येतं? माझा गुडघा आपोआप हलायचा, आणि गुडघा हलला की बारकी उठून चालू लागायची. पहिला आठवडा पाच मिनिटांच्या वर काही झालं नाही. मग मी तो पाय दुसऱ्या पायाखाली दाबून बसायला लागलो. आता तासभर होतो. ती झोपते, घोरते. पायाला मुंग्या येतात, तरी मी काढत नाही.

दोंडाईचाचा एक दोस्त आहे, वापीला टेम्पोवर. फोन करून छळतो. "काय रे, अजून कुत्राच फिराडस का? गावमा सांगू का?" म्हटलं सांग. "लगीनच करी ले तिनासंगे! आरे, गाडी तयार शे, तू ये फक्त." दोनदा मी येतो म्हटलं. दोनदा पिशवी भरली, आणि दोन्ही वेळा बारकी तीत डोकं घालून चप्पल घेऊन पळाली, ती शोधण्यात बस गेली. असं मी त्याला सांगितलं. बस संध्याकाळी होती, चप्पल सकाळीच सापडली होती.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही हे मला कळतं. म्हणूनच लिहितोय. बारकीचे केस महिन्यापूर्वीच परत आलेत, आबा. मानेवर, पाठीवर, गव्हाळ, टोकाला काळपट, उलटा हात फिरवला की टोचतात. मॅडम रोज तिच्या अंगावरून हात फिरवतात, त्यांना कळलं नसेल असं नाही. त्या बोलत नाहीत, मी विचारत नाही. दोस्तानं परवा विचारलं, तेव्हा म्हटलं, पोटाखाली अजून मऊच आहेत, तेवढे होऊ दे.

पोटाखालचे मऊच असतात. या जातीत ते राठ होतच नाहीत.